आमचे मधले कोच

"चेंडू कोणाच्या बापाचा नाही!"

असं म्हणून सर छत्रीचं टोक जमिनीवर आपटायचे. आमचं ग्राउंड जांभ्याच्या कातळावरचं, त्यामुळे टक् असा खणखणीत आवाज यायचा, आणि ज्याच्या हातात चेंडू असेल तो पोरगा दचकून तो शेजारच्याच्या हातात कोंबायचा. शेजारच्याकडे चेंडू जरा रेंगाळला की पुन्हा टक्. "मेल्या, देव्हाऱ्यात ठेवून पुजणार आहेस का? दे पुढे!" महायुद्धाच्या आधीच्या त्या दोन-तीन वर्षांत रत्नागिरीत संध्याकाळी कॉलेजच्या मागच्या रस्त्याने जो कोणी फिरायला गेला असेल, त्याच्या कानांवर हे पडलेलं असणारच. तुमच्यापैकी कोणाचे वडील नाहीतर आजोबा तिकडचे असतील, तर विचारून बघा.

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलला माझ्या वेळेपर्यंत तीन कोच झाले. पहिले मद्रासकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ. इंग्रजी शिकवायला आले ते येताना एक चेंडू, दोन लोखंडी कडी आणि नियमांचं एक पुस्तक घेऊन आले. त्यांनी खांब उभे केले, कडी ठोकली, चेंडू आपटत पळायचं कसं ते शिकवलं. पण पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या लोकरी कोटावर हिरवी बुरशी उगवली, ती बघून ते जे घाबरले ते गेलेच. तिसरे पुण्याचे, सर्टिफिकेटवाले, गळ्यात खरी शिट्टी. त्या दोघांबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ भेटतील. मला सांगायचंय ते मधल्यांबद्दल.

सर इतिहासाचे प्रोफेसर. बंद गळ्याचा कोट, धोतर, काळी टोपी आणि बारा महिने छत्री. अंगाने काटकुळे, त्यात दमेकरी. जिना चढून वर्गात आले की आधी हजेरीपट उघडून नुसते बघत बसायचे. धाप खाली बसली की मग शिवाजीमहाराजांना हात घालायचे. मद्रासवाले गेल्यावर प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "आता ह्या बास्केटबॉलचं कोण बघणार?" सगळे छताकडे बघायला लागले आणि सरांनी हात वर केला. स्टाफ हसला म्हणतात. हसेल नाही तर काय करील? ज्याला जिना चढवत नाही तो पोरांना पळवणार!

पण पळवलं हो त्यांनी आम्हाला. स्वतः कडेला उभे. गंमत म्हणजे चेंडूला त्यांनी कधी हात लावला नाही. चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी आला तर ते छत्रीने तो परत ढकलायचे, जसं काही अंगणात आलेलं कोणाचं तरी कोंबडं हाकलावं. मी तेव्हा टीमचा कॅप्टन, जरा लाडातला. एकदा म्हटलं, "सर, एकदा टाकून तर बघा."

"नको रे. आम्ही लिंबूटिंबू."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? लहानपणापासून छाती ही अशी. आळीतली पोरं खेळायला घ्यायची, नाही असं नाही. पण लिंबूटिंबू म्हणून. मी बाद झालो तर बाद नाही, आणि मी कोणाला बाद केलं तर तेही धरायचं नाही. सगळा खेळ माझ्या आजूबाजूने चालायचा." मग छत्री ह्या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "हा खेळ नवा आहे. ह्यात गावात कोणीच जुना नाही. म्हटलं, इथे तरी आपण कुठेतरी हिशेबात येऊ."

हसत हसत म्हणाले. मीही हसलो. पण त्या दिवसापासून मला कळलं की सरांना नेमकं काय हवंय. त्यांना एकदा, एकदाच, खऱ्या सामन्यात खऱ्या टीमशी खेळणारी आपली टीम हवी होती.

आता जाळ्यांची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

मद्रासवाल्यांनी कडी ठोकली होती; पण त्यांना जाळी लावायची राहिली ती राहिलीच. पुस्तकात तर लिहिलेलं की कड्याला जाळं असावं आणि त्याने चेंडू अडवावा. सरांनी आमच्या घरून आंबे काढायचा झेला मागून घेतला. लांब काठी, टोकाला जाळीची पिशवी. आंबा तोडला की पिशवीत. तो झेला खांद्यावर टाकून सर मच्छीमारांच्या मिरकरवाड्यात गेले आणि जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्याला म्हणाले, "असं दोन करून द्या. जरा मोठं करा."

म्हाताऱ्याने विचारलं, "परफेसर, तुमच्या कॉलेजात मासे झाडावर चढतात काय?"

जाळी झाली. काय जाळी होती! मासेमारीचा दोर, गाठी पक्क्या आणि खाली तळ शिवलेला. हसू नका. कोकणातल्या माणसाला जाळं म्हटलं की तळ आलाच. तळ नसलेलं जाळं म्हणजे आंबा जमिनीवर आणि मासा समुद्रात. आम्ही सगळी टीम रोज मान वर करून त्या जाळ्यांकडे बघत होतो, पण हे चुकलंय असं एकाच्या बापाच्या डोक्यात आलं नाही. बास्केट झाली की चेंडू आत बसायचा, बघून बरं वाटायचं, आणि मग एक लांब बांबू घेऊन तो खालून ढोसून बाहेर काढावा लागायचा.

हा बांबू कोणी घ्यायचा ह्यावरून आमची रोज भांडणं. हात भरून यायचे, जाळ्यातली धूळ डोळ्यांत पडायची, वर चेंडू काढताना बाकीच्यांचं हसणं. शेवटी सरांनी निकाल दिला, "ज्याने घातला त्याने काढायचा."

झालं! त्या दिवसापासून कोणी बास्केट टाकायलाच धजेना. चेंडू हातात आला की तो दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. तो तिसऱ्याच्या. पाठीमागून, बगलेखालून, उडी मारून, वाकून, आम्ही असे काही पास द्यायला लागलो की बघणारा गरगरून जावा. सर खूश. त्यांना वाटायचं की हे सगळं त्यांच्या पानिपताचं फळ. कारण एक जण बांबूने ढोसत असताना बाकीच्यांना कडेला बसवून सर पानिपत सांगायचे. "का हरलो आपण? सांगा. प्रत्येक सरदार चेंडू स्वतःच्या पोटाशी धरून बसला! पासच दिला नाही शिंच्यांनी!" भाऊसाहेब पेशव्यांच्या हातून चेंडू सुटला तो क्षण सांगताना सरांचा आवाज कापायचा. इकडे चेंडू जाळ्यातून धप्पकन खाली पडायचा आणि मग तिसरं पानिपत अर्धवट सोडून आम्ही पळायचो.

प्रिन्सिपॉलसाहेब टेनिसचे षौकीन. त्यांचा त्या ग्राउंडवर पहिल्यापासून डोळा. कोल्हापूरच्या एका कॉलेजने आम्हाला सामन्याला बोलावलं, तेव्हा त्यांनी सरांना आणि मला समोर उभं करून सांगितलं, "जा. पण जिंकून या. नाही जिंकलात, तर खांब उपटतो आणि तिथे टेनिसचं जाळं लावतो. शिकवायला पुण्याचा माणूसही बघून ठेवलाय."

"मान्य," सर म्हणाले. बाहेर आलो. मी म्हटलं, "सर, एकदम मान्य कशाला म्हणालात?" तर म्हणतात, "अरे, आपल्याला कोणी अट घातली! म्हणजे आपण कोणीतरी आहोत."

सकाळच्या सर्व्हिस मोटारीने निघालो. हातखंब्याला चहा झाला. पुढे आंबा घाटात आमचा दत्तू, टीममधला सगळ्यात उंच, मंडणगडकडच्या खेड्यातला, जन्मात पहिल्यांदा घाट चढणारा, पार गळाठला. सर त्याच्या तोंडाला लिंबू लावत, आम्हाला घाटातल्या लढाया दाखवत, लहान मुलासारखे खिडकीतून डोकं बाहेर काढत होते. त्यांना एवढी बडबड करताना मी कधी बघितलं नव्हतं. धाप लागत होती, तरी थांबेनात.

कोल्हापूरला मैदानाभोवती ही गर्दी! सामना सुरू झाला आणि आमच्या पासांनी त्या पोरांना चक्कर आणली. चेंडू त्यांना दिसेचना. लोक वा वा करायला लागले. सर कडेला छत्री आपटत होते. फक्त एक होतं, बास्केट कोणी टाकत नव्हता. सवय! तेवढ्यात दत्तू कड्याखाली एकटाच सापडला. घाटातली चक्कर अजून डोक्यात असावी, त्याने टाकला चेंडू. बरोबर कड्यात गेला, जाळ्यातून सरळ खाली आला आणि जमिनीवर आपटून उडाला.

आम्ही पाचही जण खिळल्यासारखे उभे. दत्तूने जाळ्याकडे बघितलं, चेंडूकडे बघितलं, परत जाळ्याकडे बघितलं. मग सरळ पंचाकडे गेला आणि अगदी कळवळून म्हणाला, "साहेब, ह्यांचं जाळं फाटलंय हो."

हे चाललंय तोवर कोल्हापूरच्या एकाने चेंडू उचलला, पलीकडे नेला आणि आमच्या कड्यात घातला. मी तावातावाने पुढे झालो. आमचं पुस्तक जुनं. त्यात बास्केट झाली की चेंडू पुन्हा मध्यभागी आणून उडवायचा असं होतं. तो नियम बदलला, ही बातमी अजून घाट उतरून आमच्याकडे यायची होती. मी तोंड वर करून पंचाला म्हणालो, "आधी फाटकं जाळं बदला, चेंडू मध्ये आणा, मग खेळू!"

गर्दीतून एक जण ओरडला, "काय पावनं, मासं धराय आलाय व्हय?" आणि सगळं मैदान हसायला लागलं.

मग सर आले. धोतराचा सोगा हातात, छत्री वर धरलेली, थेट मैदानात. आमच्या बाजूने भांडायला आले होते. त्या जाळ्याखाली उभे राहिले, टोपी मागे सरकवली आणि वर बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग पलीकडच्या जाळ्याकडे बघितलं. तेही तसंच. वर धरलेली छत्री खाली घेतली आणि परत कडेला जाऊन उभे राहिले. पंचाने शिट्टी वाजवली. मध्यंतरापर्यंत आम्ही एवढा मार खाल्ला की विचारू नका.

मध्यंतरात आम्ही खाली माना घालून बसलो. सर म्हणाले, "मेल्यांनो, इकडे बघा. त्यांचं जाळं फाटकं नाही. आपलंच शिवलेलं आहे. झेला मी दाखवला. चूक माझी, तुमची नाही."

दत्तूने विचारलं, "म्हणजे सर, घातला तर काढायचा नाही?"

"नाही रे बाळा. आपोआप पडतो. घाला किती घालायचे तितके."

अहो, काय सांगू तुम्हाला! वर्षभर बांबूच्या धाकाने दाबून ठेवलेले हात ते. दुसऱ्या हाफात आम्ही सुटलो. पास तर होतेच, आता टाकायलाही लागलो. दत्तू टाकतोय, मी टाकतोय, कधी न टाकणारेही टाकतायत. कोल्हापूरवाल्यांची दमछाक झाली. लोकांचं हसू बंद पडलं. मघाचाच तो मासेवाला आता "हाण पावनं, हाण!" म्हणून आमच्या बाजूने ओरडत होता. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही एका बास्केटने मागे होतो.

हरलो ते हरलोच. परतीच्या मोटारीत बसलो. सर एकदा म्हणाले, "दुसऱ्या हाफात कोणी हसलं नाही, बघितलंत ना?" आणि डोळे मिटून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिपायाकडून स्टूल मागवलं आणि त्याच्यावर त्याला चढवून दोन्ही जाळ्यांचे तळ कापून घेतले. मग मला घेऊन प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. मला वाटलं, आता गयावया करणार. तर उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, अट मला मान्य होती. आम्ही हरलो. पण पोरं हरली नाहीत, मी हरलो. खांब राहू द्या आणि मला काढा."

साहेब गोंधळले. "म्हणजे?"

"टेनिस शिकवायला तुम्ही पुण्याहून शिकलेला माणूस आणताच आहात. त्याच्याकडे हेही द्या. ह्या पोरांना खेळ येतो. शिकवणाराच कच्चा निघाला."

साहेब टेनिसवेडे असले तरी मनाने वाईट नव्हते. थोडा वेळ पेन्सिल फिरवत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे, खांब राहतील. पण प्रोफेसर, तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाटणार ना! न वाटायला काय झालं? पण ते माझं मी बघेन."

बाहेर आलो तेव्हा माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. रागही आला होता. वर्षभर आपल्यासाठी घसा फोडणारा माणूस असा आपण होऊन बाजूला होतो म्हणजे काय! सरांनी माझ्या पाठीत छत्रीची मूठ मारली. "रडतोस काय शिंच्या? चेंडू कोणाच्या बापाचा नाही. दे पुढे."

मग पुण्याचे आले. सज्जन माणूस, खोटं का बोला? पहिल्याच दिवशी आमचे पास बघून म्हणाले, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना बोलवा की ग्राउंडवर." आम्ही बोलावलं. सर आले नाहीत. कॉलेज सुटलं की ते ग्राउंडच्या बाजूने न जाता लांबच्या वाटेने घरी जायला लागले. वर्गात इतिहास तेवढाच रंगून शिकवायचे, बास्केटबॉलचं नाव काढलं की "बरं चाललंय ना? छान" एवढंच. आम्हाला वाटलं, रुसले. दत्तू तर म्हणाला, "आपण जिंकायला हवं होतं रे."

पुढच्या वर्षी कोल्हापूरची टीम घाट उतरून आमच्याकडे आली. मी स्वतः सरांच्या घरी जाऊन आमंत्रण देऊन आलो. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. "बघू, जमलं तर," म्हणाले होते. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

आणि आम्ही जिंकलो! लोकांनी दत्तूला खांद्यावर घेतलं. फोटोवाला थांबला होता, प्रिन्सिपॉलसाहेब हार घेऊन उभे होते, आणि आम्ही सगळे घामाघूम तसेच पळत सुटलो सरांच्या घराकडे.

दोन पावसाळ्यांनी सर गेले. दम्यानेच गेले. मी तेव्हा मुंबईला नोकरीला लागलो होतो, आठवड्याने कळलं. ऑफिसात बसल्या जागी रडलो, कोणाची लाज वाटली नाही. त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. टीमच्या फोटोत ते नाहीतच. पण सर म्हटलं की मला ती सामन्यानंतरची संध्याकाळ दिसते.

ओटीवर कोणी नव्हतं. मागच्या परसातून धप् धप् असा आवाज येत होता आणि काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा आवाज, "अहो, पाळी माझी आहे!" आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो. फणसाच्या बुंध्याला उंचावर पिंपाचं एक कडं ठोकलेलं. अंगात नुसती बंडी, धोतराचा काचा मारलेला, डोक्यावर टोपीसुद्धा नाही, असे आमचे सर हातात काथ्या भरून शिवलेला कापडी चेंडू घेऊन उभे. समोर काकू, पदर खोचून. सरांनी आम्हाला बघितलं आणि लाजले. चोरी पकडल्यासारखे लाजले.

"सर, जिंकलो!" दत्तू ओरडला.

"जिंकलात? कितीने?"

"एका बास्केटने!"

"वा! छान, छान झालं." त्यांचे डोळे भरले होते, पण चेंडू काही हातातून सुटेना. "बसा तिकडे गडग्यावर. आमचा डाव चाललाय."

"रोज हेच," काकू आम्हाला सांगायला लागल्या. "कॉलेजातून आले की चहासुद्धा नको. आणि टाकतात कसले, एक जात नाही. माझे जातात. वानरांना धोंडे मारून मारून हात बसलाय माझा. आता माझी पाळी आली तर देत नाहीत चेंडू."

आम्ही जिंकलेली सगळी टीम गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, ओळीने बसलो. सरांनी दम घेतला, दोन्ही हातांनी चेंडू छातीशी धरला आणि टाकला. तो खोडावर आपटून परत आला. पुन्हा टाकला. बाहेर. काकूंनीच चेंडू उचलून त्यांच्या हातात दिला. तिसऱ्यांदा टाकला तो वर गेला, कड्यावर टेकला, जरासा अडला आणि आत पडला.

आम्ही कोणी टाळी वाजवायच्या आत सर गर्रकन काकूंकडे वळले. धाप एवढी लागली होती की शब्द फुटत नव्हता, तरी बोट वर करून, आळीतल्या एखाद्या लहानग्या पोराने ओरडावं तसे ओरडले, "हा धरायचा हं! हा धरायचा!"

"धरला हो," काकू म्हणाल्या. "धरला."